आधी अंदाज, मग बटण



आजचा विषय गणिताचा आहे म्हणून कोणी उठून जाऊ नका. मला बोलायचे आहे ते कुंपणाच्या तारेबद्दल, घराच्या पायाबद्दल आणि आपल्या खिशातल्या मोबाईलबद्दल. या तिन्ही ठिकाणी एक जुनी ओळखीची गोष्ट दडलेली आहे. ती म्हणजे वर्गमूळ. शाळेत असताना ज्या वर्गमुळाने आपल्यापैकी पुष्कळांना घाम फोडला, ते आता एका बटणावर निघते. पण बटणावर निघालेले उत्तर वापरायचे कसे, हे बटण सांगत नाही. ते आपल्यालाच ठाऊक असावे लागते. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर जवळ घेऊन बसा.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. मी निवृत्त शिक्षक आहे, पण गावात मला अजून गुरुजीच म्हणतात. आमच्या शेजारचे आबा एक दिवस सकाळी सकाळीच आले. चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "गुरुजी, ह्या मोबाईलनं आम्हाला पुरतं बुडवलं बघा."

झाले होते ते असे. आबांचा एक एकराचा तुकडा नाल्याच्या कडेला आहे. त्यात भुईमूग होता आणि रात्री रानडुकरे येत होती. म्हणून त्यांनी काटेरी तारेच्या तीन ओळींचे कुंपण करायचे ठरवले. तार किती लागेल? मुलगा कॉलेजात शिकणारा, हुशार. त्याने मोबाईलवर हिशेब केला. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्याचे वर्गमूळ २०८.७१. म्हणजे एक बाजू सुमारे २०९ फूट, चार बाजू मिळून ८३५ फूट. थोडी जास्त धरून ८४० फूट, आणि तीन ओळींना २,५२० फूट. तेवढी तार आणली, खांब रोवले आणि काम सुरू केले. एक ओळ पुरी झाली. दुसरी ओळ पाऊण वाटेवर आली आणि तार संपली! तिसऱ्या ओळीचे तर नावच नाही. त्याच रात्री नाल्याच्या बाजूने डुकरे आत शिरली.

मी मुलाचा हिशेब पाहिला. वर्गमूळ अगदी बरोबर होते. मग मी विचारले, "आबा, तुमचा तुकडा रुंद किती आणि लांब किती?" ते म्हणाले, "रुंदीला सहासष्ट फूट, लांबीला सहाशे साठ. पट्टाच हाय की तो."

६६ गुणिले ६६० म्हणजे ४३,५६०. बरोबर एक एकर. पण या पट्ट्याचा घेर किती? ६६ आणि ६६० मिळून ७२६, त्याची दुप्पट १,४५२ फूट. तीन ओळींना ४,३५६ फूट तार हवी होती. आणली २,५२०. कमी पडली १,८३६ फूट.

"आबा," मी म्हटले, "मोबाईल चुकला नाही. आपण त्याला विचारलं ते चुकलं. त्यानं चौरस रानाची बाजू सांगितली, आणि तुमचं रान चौरस नाही."

श्रोतेहो, आज मला सांगायचे आहे ते या एका वाक्यात आले. आता ते जरा उलगडून पाहू.

वर्गमूळ म्हणजे काय, हे सांगायला आपला गुंठाच पुरेसा आहे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद अशी जागा म्हणजे एक गुंठा. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट. बाजूवरून क्षेत्र काढले तो वर्ग. क्षेत्रावरून उलट बाजू शोधली ते वर्गमूळ. १,०८९ चे वर्गमूळ ३३. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. मेट्रिक मापात हेच आणखी सोपे आहे. एक आर म्हणजे दहा मीटर बाजूचा चौरस, आणि एक हेक्टर म्हणजे शंभर मीटर बाजूचा चौरस. १०० चे मूळ १०, आणि १०,००० चे मूळ १००.

आता एक प्रश्न विचारतो, मनातल्या मनात उत्तर द्या. एक एकर चौरस रानाची बाजू जवळजवळ २०९ फूट. मग दोन एकर चौरस रानाची बाजू किती? पुष्कळ जण चटकन ४१८ म्हणतील. पण ते बरोबर नाही. ४१८ फूट बाजूचा चौरस चार एकरांचा होतो. दोन एकरांची बाजू येते सुमारे २९५ फूट. क्षेत्र दुप्पट झाले तरी बाजू दुप्पट होत नाही, ती दीडपटीहूनही थोडी कमी वाढते. क्षेत्र चौपट झाले तेव्हा कुठे बाजू दुप्पट होते. म्हणून चार भावांनी आपापले एकेक एकराचे चौरस वेगळे कुंपणात घातले तर एका ओळीला सुमारे ३,३४० फूट तार लागेल, आणि चौघांनी मिळून चार एकरांचा एकच चौरस केला तर १,६७० फुटांतच भागेल. वर्गमुळाचा हा हिशेब घरातला एकोपा राखायलाही उपयोगी पडावा!

आता यंत्राकडे वळू. मोबाईलमध्ये, संगणकात आणि दुकानातल्या साध्या गणकयंत्रात वर्गमुळाची सोय आधीपासूनच केलेली असते. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

गणकयंत्रावर वर्गमुळाचे चिन्ह असते. डावीकडे छोटीशी खूण आणि वर आडवी रेघ, पुस्तकात असते तेच. काही मोबाईलवर ते एरवी दिसत नाही. फोन आडवा धरला किंवा जादा बटणांची यादी उघडली की दिसते. येथे पहिली अडचण येते ती क्रमाची. दुकानातल्या साध्या यंत्रावर आणि विंडोजच्या संगणकातल्या गणकयंत्रावर आधी संख्या लिहायची आणि मग मुळाचे बटण दाबायचे. पुष्कळ मोबाईलवर उलटे आहे. आधी चिन्ह, मग संख्या, मग बरोबर. आपल्या हातातले यंत्र कोणत्या जातीचे आहे, हे ओळखायचे कसे? नऊचे मूळ काढून पाहा. तीन आले म्हणजे क्रम बरोबर. मी नऊच का म्हणतो, चार का नाही, ते पुढे सांगतो. त्यात माझीच फजिती आहे.

शाळेत संगणक असेल आणि त्यात एक्सेल किंवा तशा प्रकारचा तक्त्यांचा कार्यक्रम असेल, तर तेथे वर्गमूळ काढण्याची आणखी मोठी सोय आहे. एका चौकटीत संख्या लिहा. शेजारच्या चौकटीत आधी बरोबरचे चिन्ह टाका, मग एस, क्यू, आर, टी ही चार इंग्रजी अक्षरे लिहा, आणि कंसात पहिल्या चौकटीचे नाव लिहा. एंटर दाबले की मूळ हजर. त्या चौकटीचा उजवीकडचा खालचा कोपरा माऊसने धरून खाली ओढला की खालच्या सगळ्या संख्यांची मुळे एका दमात येतात. एकपासून शंभरपर्यंतची वर्गमुळांची कोष्टके पूर्वी पुस्तकाच्या मागे छापलेली असत. आता वर्गातली मुले ती स्वतः मिनिटभरात तयार करतील.

दुसरी एक रीत आहे, आणि माझी फजिती झाली ती तिच्यातच. वर्गमूळ म्हणजे संख्येचा अर्धा घात. घातासाठी संगणकावर टोपीसारखे चिन्ह असते. तेव्हा मी मुलांना सांगितले, "संख्या लिहा, टोपी द्या, आणि पुढे एक भागिले दोन लिहा." स्वतः चार घालून पाहिले. उत्तर आले दोन. मी खूष झालो. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, नऊचं मूळ साडेचार येतंय."

वर्गात हशा पिकला. मीही हसलो, पण मनातून चरकलो. चूक काय होती? कंस दिला नव्हता. कंस नसला की संगणक आधी घात करतो, मग भागाकार. नऊचा पहिला घात नऊच, आणि त्याचे अर्धे साडेचार. तो मूळ काढतच नव्हता, नुसता दोनाने भागत होता! आणि चाराचे अर्धेही दोन आणि मूळही दोन, म्हणून माझ्या तपासणीत चूक लपून राहिली. 'एक भागिले दोन' हे कंसात घातले की सगळे सुरळीत झाले. त्या दिवसापासून मी तपासणीला नऊ घेतो. त्या मुलीने विचारले नसते, तर मी सबंध वर्गाला चुकीची रीत शिकवून मोकळा झालो असतो. यंत्राने कसलीही तक्रार केली नव्हती, हे ध्यानात घ्या. यंत्र तक्रार करते ती क्वचित. ऋण संख्येचे मूळ मागितले तर ते एक्सेलच्या चौकटीत चुकीची खूण दाखवते, कारण कोणत्याही साध्या संख्येला तिनेच गुणले तर ऋण उत्तर येत नाही. पण कंस विसरला, मापे चुकली किंवा रान चौरस नसले, तर ते मुकाट्याने उत्तर देऊन टाकते.

मापांवरून आठवले. आता घराच्या पायाकडे येऊ.

पायाची आखणी करताना कोपरे काटकोनात यायला हवेत. त्यासाठी आपले गवंडी तीन, चार, पाच ही युक्ती वापरतात. एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट, आणि या दोन खुणांमधले तिरपे अंतर बरोबर पाच फूट भरले म्हणजे कोपरा काटकोनाचा. कारण तिनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, बेरीज पंचवीस, आणि तिचे मूळ पाच. पण लहान त्रिकोणातली रेसभर चूक लांब भिंतीत वाढत जाते. म्हणून सबंध खोलीचा कर्णच मोजलेला बरा. समजा, खोली २० फूट बाय ३० फूट आहे. २० चा वर्ग ४००, ३० चा वर्ग ९००, बेरीज १,३००. मोबाईलवर मूळ काढले तर येते ३६.०५५, म्हणजे जवळजवळ ३६.०६.

आता खरा धोका येथे आहे. फीत धरणारा माणूस ३६.०६ हे '३६ फूट ६ इंच' असे वाचतो. दशांश चिन्हापुढचा आकडा म्हणजे इंच नव्हेत. तो फुटाचा दशांश भाग आहे. इंच हवे असतील तर फक्त दशांश भागाला बाराने गुणायचे. ०.०५५ गुणिले १२ म्हणजे सुमारे ०.६७. तेव्हा कर्ण आहे ३६ फूट आणि जेमतेम पाऊण इंच. कोणी ३६ फूट ६ इंचांवर खुंटी ठोकली, तर कोपरा दीड अंशाने फाकेल आणि तीस फुटांच्या भिंतीचे दुसरे टोक पाऊण फुटाहून जास्त बाहेर जाईल. पुढे फरशी बसवताना ते उघडे पडते, पण तेव्हा भिंत पाडता येत नाही. म्हणून दोन्ही कर्ण मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या आणि दोन्ही कर्ण सारखे भरले, म्हणजे खोली काटकोनात आहे. ही तपासणी करायला यंत्रही लागत नाही.

आता मुले विचारतात तो प्रश्न. "सर, बटण दाबल्यावर आत काय होतं?" हा प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर कोणाही शेतकऱ्याला समजेल इतके सोपे आहे.

आबांच्या मुलाचीच संख्या घेऊ, ४३,५६०. हिचे मूळ काही आपल्याला ठाऊक नाही. तेव्हा अंदाज करू, २००. आता ४३,५६० ला २०० ने भागा. उत्तर २१७.८. आपला अंदाज बरोबर असता तर भागाकारही २०० च आला असता. तो मोठा आला, म्हणजे आपला अंदाज लहान होता. खरे मूळ २०० आणि २१७.८ यांच्या मध्ये कुठेतरी असले पाहिजे. मग दोघांचा मध्य घेऊ. २०८.९. आता तोच खेळ पुन्हा खेळा. ४३,५६० भागिले २०८.९ म्हणजे २०८.५२०८. पुन्हा मध्य घ्या. २०८.७१०४. आणि खरे मूळ २०८.७१०३ आहे! दोन फेऱ्यांत आपण केसभर अंतरावर आलो. पहिल्या अंदाजात जवळजवळ पावणेनऊ फुटांची चूक होती. एका फेरीनंतर ती पाव फुटाच्याही आत आली, आणि दुसऱ्या फेरीनंतर कोणत्याही फितीने मोजता येणार नाही इतकी बारीक झाली.

ही युक्ती फार जुनी आहे. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया नगरीत पहिल्या शतकात हेरॉन नावाचा गणिती होऊन गेला. त्याने ७२० चे मूळ असेच काढून दाखवले आहे. २७ हा अंदाज घेऊन ७२० ला भागले आणि मध्य काढला. आपल्याकडच्या बौधायन शुल्बसूत्रात यज्ञवेदीच्या मापांसाठी दोनाच्या मुळाची एक किंमत दिलेली आहे. ती अपूर्णांकात मांडली तर ५७७ छेद ४०८ होते. गंमत अशी, की दीड हा अंदाज घेऊन वरची रीत दोनदा केली तर बरोबर हाच अपूर्णांक मिळतो. आधी १७ छेद १२, आणि मग ५७७ छेद ४०८. शिक्षकांनी वर्गात हे जरूर करून पाहावे.

दुसरी रीत आपण शाळेत शिकलो ती, एकेक अंक काढण्याची. १,०८९ चे मूळ काढायचे. उजवीकडून दोन दोन अंकांच्या जोड्या पाडल्या, १० आणि ८९. दहात तिनाचा वर्ग नऊ मावतो. तीन लिहिले, बाकी एक. खाली ८९ उतरवले, झाले १८९. तिनाची दुप्पट सहा. सहापुढे तीन मांडून तिनाने गुणले, त्रेसष्ट त्रिक एकशे एकोणनव्वद. बाकी शून्य, मूळ ३३. ही अंकाअंकाने जाण्याची रीत आर्यभटाने ४९९ साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथात एका श्लोकात बसवली आहे.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त तर आणखी एक सोय दिली आहे. मूळ पुरे निघत नसेल तर संख्येला एका मोठ्या वर्गसंख्येने गुणा, मूळ काढा, आणि मग त्या वर्गसंख्येच्या मुळाने भागा. दोनाचे मूळ हवे आहे ना? दोनाला १०,००० ने गुणा, २०,००० झाले. १४१ चा वर्ग १९,८८१, आणि १४२ चा वर्ग २०,००० च्या पुढे जातो. तेव्हा १४१ घ्या, शंभराने भागा. १.४१ मिळाले. या भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख आपल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. वर्गमुळाचा अभ्यास आपल्या मातीत आठशे वर्षांपूर्वीही चालू होता, हे मुलांना सांगावे.

यंत्रांनी या दोन्ही जातींच्या रीती उचलल्या आहेत. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे तयार झालेला एनिआक हा तीस टनांचा संगणक १९४६ साली जगापुढे आला, तेव्हाच त्यात भागाकार आणि वर्गमूळ यांच्यासाठी एक स्वतंत्र विभाग होता. पुढे १९८० साली इंटेल कंपनीने गणितासाठी जी ८०८७ नावाची छोटी चकती काढली, तिच्यात वर्गमुळाची आज्ञा कायमची कोरलेली होती. आजच्या काही यंत्रांत अंदाज सुधारत जाण्याची रीत असते, तर काहींत एकेक अंक काढण्याची. फरक इतकाच, की यंत्र शून्य आणि एक एवढेच अंक जाणते. आपल्याला प्रत्येक वेळी शून्यापासून नवापर्यंत कोणता अंक बसतो ते पाहावे लागते. दोनच अंकांत काम करायचे तर एवढाच प्रश्न उरतो, एक मावतो की नाही? मावला तर एक, नाहीतर शून्य.

मग यंत्राचे उत्तर पूर्ण खरे असते का? पूर्ण संख्यांच्या वर्गांपुरते होय. पण दोनाचे मूळ दशांशात कधी संपतच नाही, आणि यंत्रात जागा तर मोजकीच. संगणक सामान्यतः पंधरा-सोळा अंकांपर्यंत उत्तर ठेवतो आणि पुढचे सोडून देतो. १९८५ साली अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संस्थेने एक मानक ठरवले. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांची उत्तरे ठरलेल्या जागेत बसतील त्यांतली सर्वांत जवळची असली पाहिजेत, असा त्यातला दंडक आहे. आजचे संगणक तो पाळतात. तरीही जवळचे म्हणजे तंतोतंत नव्हे. पायथन या संगणकाच्या भाषेत दोनाचे मूळ काढून त्याचा पुन्हा वर्ग केला, तर दोन येत नाही. दोन, दशांश चिन्ह, पंधरा शून्ये आणि शेवटी चार असे काहीतरी येते.

विंडोजच्या गणकयंत्रात तर एक मौज कित्येक वर्षे होती. चाराचे मूळ काढून त्यातून दोन वजा केले की शून्य यायला हवे ना? येत नसे. दशांश चिन्हापुढे अडतीस शून्ये आणि मग काही अंक असे ऋण उत्तर येई. २०१८ साली ते दुरुस्त करण्यात आले. एवढ्या चुकीने कोणाचे कुंपण कमी पडत नाही. पण यंत्रही अंदाजानेच चालते, हे त्यावरून कळते. शिवाय पडद्यावर दहा अंक दिसले म्हणून आपली मोजणी दहा अंकांइतकी बारीक होत नाही. फीत अर्धा इंच इकडे-तिकडे धरली असेल, तर २०८.७१०३२ मधले शेवटचे आकडे आपल्या काय कामाचे?

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन शब्द. मला नेहमी विचारले जाते, "बटणावर मूळ निघतं, मग ती लांबलचक रीत मुलांना शिकवायची कशाला?" मी असे म्हणेन, की शंभर उदाहरणे घोटून घेऊ नका. पण प्रत्येक मुलाने ती रीत चार-दोनदा स्वतःच्या हाताने केलेली असावी, म्हणजे बटणाच्या आत जादू नाही, हे त्याला कळते. आणि रोजच्या सरावासाठी तीन पायऱ्या ठेवा.

पहिली पायरी अंदाज. २०० चे मूळ? १४ चा वर्ग १९६, १५ चा वर्ग २२५. तेव्हा उत्तर १४ च्या जरासे पुढे. हे वहीत आधी लिहायचे, मगच यंत्राला हात लावायचा.

दुसरी पायरी बटण. यंत्र सांगते, १४.१४२.

तिसरी पायरी पडताळा. आलेल्या उत्तराला त्यानेच गुणून पाहायचे, आणि त्याचे माप कोणते तेही लिहायचे. फूट की मीटर, आणि कशाची बाजू? चौरसाची की आणखी कशाची?

ज्या शाळेत संगणक एकच आहे, किंवा वीज दुपारी जाते, तेथे पहिली आणि तिसरी पायरी तर फळ्यावरही होते. मधली पायरी एका मोबाईलवर सबंध वर्गाची होईल. आणि जमले तर मुलांना मैदानावर न्या. चार खुंट्या आणि एक दोरी घेऊन २० बाय ३० चा आयत आखायला लावा आणि कर्ण मोजायला सांगा. फीत ३६ फूट आणि पाऊण इंचाजवळ आली, की मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते कोणत्याही पडद्यावर दिसत नाही.

शेतकरी बंधूंनाही एवढेच सांगणे आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र कळते, आकार कळत नाही. आकारासाठी गटाचा नकाशा पाहा, आणि तार घेण्याआधी बांधावरून एक फेरी मारा. सारख्या क्षेत्राच्या चौकोनी रानांत चौरसाचा घेर सर्वांत कमी असतो. म्हणून वर्गमुळावरून काढलेली तार ही कमीत कमी लागणारी तार समजा. चौकोनी तुकड्याला तिच्यापेक्षा कमी लागणार नाही, जास्त लागू शकेल.

आबांनी उरलेली तार पुढच्या आठवड्यात आणली. या वेळी आधी ते आणि मुलगा दोघे मिळून पट्ट्याभोवती पावले टाकत फिरले. मुलाने घेर वहीत लिहिला, तिनाने गुणला, आणि मग मोबाईल काढला. आबा मला म्हणाले, "गुरुजी, आता मी आधी चालतो, मग पोरगा बटण दाबतो."

श्रोतेहो, याहून चांगली रीत मलाही सांगता यायची नाही.